न वाजणारी बाटली

लहान मुलांसाठी केलेल्या बुटक्या बाकांवर मोठी माणसे गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहत होती. फळ्यासमोर उभ्या असलेल्या नव्या प्रशिक्षकाने पुढच्या बाकावरची कोणा एकाची पाण्याची बाटली न विचारता उचलली होती आणि कानाशी धरून, डोळे मिटून, तो ती हलवत होता. आतले पाणी डचमळत होते. त्या शांततेत तेवढाच आवाज होता, आणि तो ऐकणाऱ्या प्रत्येकाला उगीचच अपराधी वाटत होते.

"कोणाची?" त्याने डोळे उघडले.

"माझी," नळवाला म्हणाला. शहरातले अर्धे नळ त्याच्या हातचे होते. बाकीचे अर्धे आता ढिगाऱ्याखाली होते. "का हो? गळतेय का?"

"घोट घेतलाय."

"तहान लागली होती."

"तहान लागतच असते." प्रशिक्षकाने बाटली परत ठेवली. "कूच संपेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. भरलेल्या बाटलीचा आवाज येत नाही. सराव संपला की मी प्रत्येकाची बाटली ऐकणार. आवाज आला, की तो सराव पुन्हा. मला उस्ताद म्हणा. सगळे तसंच म्हणतात."

दाराशी पाण्याची बादली आणि ओगराळे घेऊन उभ्या असलेल्या मावशीचे हात जिथल्या तिथे थांबले.

ती काही कोणाची सख्खी मावशी नव्हती. शिलाईच्या कारखान्यात तिने हयात घालवली होती, आणि तो कारखाना बाँबहल्ल्यात कोसळला तेव्हा दोन यंत्रे आणि कापडाचे काही तागे घेऊन ती या शाळेतल्या मदत केंद्रात आली. इथे ती बेघरांसाठी पांघरुणे शिवत होती, स्ट्रेचरच्या किंतानी कडा दुमडत होती, आणि कोणी सांगितले नव्हते तरी पाण्याच्या टाकीची मालकीण होऊन बसली होती. टाकीवर ती उभी असली की रांगेत भांडण होत नसे. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. आई म्हणणारा एकच होता, आणि तो मागच्या उन्हाळ्यात, लढाईचे तोंडही न पाहता, लष्करी छावणीत शिकताशिकता गेला होता.

बाटली कानाशी नेण्याची ती लकब तिने आधी पाहिली होती. तिच्याच स्वयंपाकघरात. पोरगा एकुलत्या एका रजेवर आला होता, उन्हाने करपलेला, पण डोळ्यांत मिस्किलपणा तसाच. ओट्यावरचा तांब्या उचलून, छाती फुगवून, छावणीतल्या प्रशिक्षकाची नक्कल करत त्याने तो कानाशी हलवला होता. "काय गं ए रंगरूट! घोट घेतलास? पुन्हा पळ!" ती हसून हसून बेजार झाली होती. त्याची आत्या, म्हणजे तिची नणंद, तर पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली होती. "असा कसा गं बाई माणूस?" असे आत्याने विचारल्यावर पोरगा म्हणाला होता, "वाईट नाही गं. त्याला वाटतं, तहानेलाही शिस्त लावता येते."

नंतर छावणीतून ट्रंक आली. बूट, कंगवा, घड्या घातलेले कपडे आणि खाकी आवरणातली ॲल्युमिनियमची बाटली. आवरणावर त्याचा क्रमांक रंगवलेला. ते आवरण तिच्याच कारखान्यातले होते. शिवण कोणाच्या हातची, हे तिने मुद्दामच पाहिले नाही. उन्हाची बाधा, असे ट्रंकेबरोबर आलेल्या साहेबाने सांगितले. चौकशी झाली, कोणाकडूनही हयगय झाल्याचे आढळले नाही. साहेब गेल्यावर तिने बाटली उचलून कानाशी हलवली.

आवाज आला नाही. बाटली काठोकाठ भरलेली होती.

त्या दिवसापासून ती बाटली तिच्या शिलाईयंत्राच्या खणात होती, न उघडलेली. दुःख असते तसे ते नव्हते. दुःख झिजते. हे आत तापत पडलेल्या इस्त्रीसारखे होते. वरून पाहणाऱ्याला नुसते लोखंड दिसावे.

*

"तोच कशावरून?" नणंद बटाटे सोलत म्हणाली. शाळेच्या प्रयोगशाळेत आता केंद्राचा स्वयंपाक चाले आणि नणंदेचे तिथे राज्य होते. "जगात बाटल्या हलवणारे काय कमी आहेत?"

"मी विचारलं त्याला. कोणत्या छावणीत होतात म्हणून. तोच."

"त्यानं ओळखलं तुला?"

"कशाला ओळखेल? आया काय छावणीत हजेरीला उभ्या असतात?"

नणंदेने सुरी खाली ठेवली. ती त्या पोराची आत्या होती. त्याला न्हाऊमाखू घातलेले तिचे हात होते. पण तिचा राग लवकर उकळे आणि लवकर निवे. "मग काय करणार आहेस त्याचं? लोणचं घालणार?"

"मला त्याला एकच विचारायचंय. पोरानं पाणी मागितलं होतं का."

"आणि मागितलं असेल तर?"

"तर मी उरलेला जन्म शांत चित्तानं त्याचा द्वेष करीन."

"बाई गं! शांत चित्तानं." नणंदेला हसावे की रडावे कळेना. "मग विचार की. तोंड आहे ना तुला? आमच्यावर तर चांगलं चालतं."

"चौकशीत विचारलंच होतं सगळ्यांनी. आठवत नाही म्हणाला." मावशीने एक बटाटा उचलून उगाच फिरवून पाहिला, परत ठेवला. "त्याला तहान लागली की आठवेल."

"वहिनी," नणंद हळूच म्हणाली, "विस्तवाशी खेळू नकोस."

"विस्तव माझाच आहे गं. मला भाजून झालंय."

*

उस्तादाला शहरात पाठवले होते ते नागरिकांना मदतकार्य शिकवायला: ढिगारा कसा उपसायचा, बादल्यांची साखळी कशी धरायची, जखमीला कसे उचलायचे. शिक्षा म्हणून पाठवले की बढती म्हणून, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तो मात्र शिकवायचा जीव ओतून. शाळेच्या पटांगणात, फरशा पायाला चटके देत असताना, तो नळवाल्याला, शाळेच्या मास्तरांना आणि आणखी दहा-बारा जणांना रिकामे स्ट्रेचर घेऊन धावायला लावी, आणि सरावभर स्वतःही पाण्याला शिवत नसे. मावशी टाकीच्या सावलीतून पाहत असे. त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना दिसली की तिला बरे वाटे.

सगळ्यात कडू गोष्ट ही, की त्याची शिकवण कामाला येत होती. गिरणीमागची चाळ कोसळली तेव्हा याच ढिल्या माणसांनी, आधी वाशांचा टेकू देऊन मग हात घालायचा, या त्याच्या पद्धतीने एक म्हातारा आणि त्याची सून जिवंत बाहेर काढली. परत येताना नळवाला काजळी माखल्या तोंडाने म्हणाला, "माणूस खडूस आहे मावशी, पण हाताला यश आहे."

तिने त्याला पाणी ओतून दिले. ज्याचा द्वेष करायचा त्याने निदान निकामी तरी असावे, एवढी साधी सोयही तिला मिळत नव्हती.

त्याचा एक नियम मास्तरांना पटत नसे. "भोंगा झाला," उस्ताद सांगे, "की स्ट्रेचर जवळच्या भिंतीशी टेकवायचं आणि तळघरात पळायचं. मागे वळून पाहायचं नाही."

"आणि जखमी?" मास्तरांनी विचारले होते.

"जखमी वाट पाहील. वाचवणारेच मेले तर त्याला उचलणार कोण? तुम्ही?"

"पण हे अमानुष—"

"मास्तर, तुम्ही पोरांना कविता शिकवता. मी माणसं जिवंत ठेवायला शिकवतो."

मावशीने तेव्हा मान खाली घालून सुईत दोरा ओवला. त्या वाक्याने तिच्या कपाळाची शीर तडतडली. पण नियम तिने नीट लक्षात ठेवला.

दुसरी गोष्ट उस्तादाने स्वतः येऊन सांगितली. स्ट्रेचरला नवे पट्टे हवे होते. "छातीवर एक, हातांवरून एक, मांड्यांवर एक. आणि बक्कल खालच्या बाजूला हवं, बाई. भ्रमात जखमी स्वतःच पट्टा सोडतो आणि पडतो."

"म्हणजे बांधलेल्याला सोडता येता कामा नये."

"अगदी बरोबर."

"शिवते," ती म्हणाली. जाडा दोरा दुहेरी घेऊन, प्रत्येक टाका मागे ओढून पक्का करत, तिने ते पट्टे शिवले. इतके सुबक काम तिने कारखान्यातही कधी केले नव्हते.

शत्रूची विमाने त्या दिवसांत भर दुपारी येत, एखाद्या इमानी कारकुनासारखी. ऊन डोक्यावर आले की लोक बोलता बोलता कान टवकारत.

*

त्या दिवशी सकाळपासून सराव चालला होता. नव्या पट्ट्यांसाठी जखमी हवा होता. मास्तर म्हणाले, मी होतो. नळवाला म्हणाला, मास्तरांना उचलणं म्हणजे छत्री उचलणं, त्यानं काय सराव होणार?

टाकीपाशी उभी असलेली मावशी म्हणाली, "उस्तादांनाच झोपवा की. त्यांच्याएवढा वजनदार जखमी दुसरा कुठून आणणार?"

हशा पिकला. उस्तादालाही क्षणभर हसू आले. "बरोबर आहे. पट्टे मलाच पाहायचेत." आणि तो झोपला, सरळ, टाचा जुळवून, निजूनही सावधान असल्यासारखा. मावशीने वाकून एकेक पट्टा ओढला आणि खाली हात घालून बक्कल लावले.

"घट्ट होतोय का?"

"घट्टच हवा," तो म्हणाला.

त्याला उचलून त्यांनी पटांगणाला फेरा घातला, पायऱ्या चढल्या, उतरल्या. तो पडल्या पडल्या ओरडत होता: "डावा खांदा वर! जखमी आहे मी, गादी नव्हे!" ऊन माथ्यावर आले. आणि भोंगा झाला.

ते शिकवल्याप्रमाणे वागले. जवळच्या भिंतीशी स्ट्रेचर टेकवले आणि पळाले. मागे वळून कोणी पाहिले नाही. तळघराच्या अंधारात प्रत्येकाला वाटले असेल, की बक्कल दुसऱ्याने सोडले. किंवा कोणाला काहीच वाटले नसेल, कारण वाटून न घेणे हेच तर त्यांना शिकवले होते. दाराशी नणंदेने हाक मारली, "वहिनी, चल!" आणि मग मावशीच्या हातातली ती खाकी आवरणातली बाटली पाहून ती एकटीच आत गेली. दार लागले.

मावशी बादली उपडी घालून स्ट्रेचरशेजारी बसली. भिंतीला त्या वेळी सावली नव्हती.

"बक्कल सोडा," उस्ताद म्हणाला. "आत जा. हा खेळ नाही."

"सोडते. आधी हे ऐका."

तिने बाटली त्याच्या कानाशी नेऊन हलवली.

"भरलेली आहे," तो सवयीने म्हणाला. मग त्याची नजर आवरणावरच्या क्रमांकावर गेली. त्याने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला. चेहऱ्यावर काही हलले नाही. पण पट्ट्याखालचे त्याचे हात थांबले. इतका वेळ ते नकळत बक्कल शोधत होते.

"तुम्ही त्याच्या—"

"आई."

दूर कुठेतरी विमानांची घरघर सुरू झाली, जात्यासारखी, अजून सावकाश.

"मी तुम्हाला मारणार नाही," ती म्हणाली. "शिव्याही देणार नाही. एकच सांगा. त्यानं पाणी मागितलं होतं का?"

"नाही."

उत्तर इतके लगेच आले की तिला ते ऐकूच आले नाही असे वाटले.

"एकदाही?"

"बाकीचे सगळे मागत होते. शिव्या खाऊन का होईना, मागत होते. तो मागणारा नव्हता. हसत चालला होता. चालता चालताच पडला." त्याने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "मागितलं असतं तर दिलं असतं मी."

या वाक्याची तिने तयारी केलेली नव्हती. रात्री-अपरात्री तिने त्याच्या तोंडी किती उत्तरे घालून पाहिली होती; त्यांत हे नव्हते. मागितलेच नसेल, तर नाकारले कोणी? तर मग या माणसाच्या हातून तिचा द्वेष निसटून जाणार, आणि जाणार कुठे, तर ओट्यापाशी तांब्या कानाला लावून हसणाऱ्या त्या पोराकडे. त्याला तहानेची शिस्त खरी वाटली होती. त्याच्यावर ती कशी रागावणार?

"खोटं," ती म्हणाली.

"खरं आहे."

तिने झाकणाला हात घातला. ते घट्ट बसले होते. शेवटचे पीळ त्याच्या बोटांनी दिलेले. जोर लावल्यावर किरकिर करत ते फिरले, आणि आतून ओल्या धातूचा, बंद उन्हाळ्याचा वास आला. तिने बाटली तिरपी केली. बारीक धार त्याच्या गालापासून वीतभर अंतरावर फरशीवर पडली. फरशीने ती चुर्र आवाज करत पिऊन टाकली आणि डाग पाहता पाहता नाहीसा झाला.

पोराचे पाणी होते ते. पण हात थांबला नाही.

मग तिने बाटली पुन्हा त्याच्या कानाशी हलवली. आता आवाज आला.

"ऐकलंत? घोट घेतलाय कोणीतरी. आता शिक्षा काय, उस्ताद? पुन्हा पळू?"

त्याने डोळे मिटले. विमाने जवळ आली होती. गिरणीच्या बाजूला काहीतरी कोसळले, जमीन हादरली आणि भिंतीवरच्या गिलाव्याची पूड त्याच्या तोंडावर पडली. ती ओठांतून आत गेली असावी. तो खोकू लागला, आणि छातीवरचा पट्टा त्याला पुरता खोकूही देईना. सकाळपासून स्वतःच्या नियमाने तो थेंबही प्यायला नव्हता.

"पाणी," तो म्हणाला.

"आधी उत्तर."

"दिलंय."

तिने पुन्हा धार धरली. या वेळी अगदी जवळ; एखाददुसरा थेंब उडून त्याच्या कानशिलावर पडला आणि त्याची मान आपोआप तिकडे वळली, अर्भकाची वळते तशी. तिला ते पाहवले नाही, आणि तिने पाहणे थांबवलेही नाही.

"मागितलं होतं," तो म्हणाला.

धार थांबली.

"काय?"

"मागितलं होतं त्यानं. वळणावर. म्हणाला, उस्ताद, एक घोट. मी म्हणालो, छावणी दिसली की पी." आवाज घोगरा झाला होता, शब्द एकमेकांना चिकटून येत होते. "तो ‘बरं’ म्हणाला. मग पुन्हा मागितलं. मी नाही म्हणालो. मी नाही म्हणालो, बाई."

हेच तर ऐकायला ती आली होती. अगदी हेच, वळण, घोट, नकार. तिने बसल्या जागी वाट पाहिली, की आता आतली इस्त्री निवेल किंवा निदान पेटून उठेल. यांपैकी काहीच झाले नाही. कारण बोलताना त्याचे डोळे तिच्याकडे नव्हते. ते बाटलीच्या तोंडाकडे होते, आणि ती हलली की हलत होते.

"दोन्हींतलं खरं कोणतं?" तिने विचारले.

"हे."

"मघाशी ते खरं होतं."

"तुम्हाला हवं ते," तो म्हणाला. "हवं ते घ्या. मागितलं. नाही मागितलं. पाया पडला म्हणू? म्हणतो. पण पाणी द्या."

तिच्या लक्षात आले. एकच माणूस जिवंत होता, ज्याला ठाऊक होते. आणि त्याच्याकडून ते कळण्याची वाट तिने स्वतःच्या हाताने, दुहेरी दोऱ्याने, पक्के टाके घालून शिवून टाकली होती. आता त्याने शपथेवर सांगितले तरी ते तहान बोलली असेच तिला वाटणार होते. मोकळा असताना विचारले असते तर कदाचित तो पुन्हा आठवत नाही म्हणाला असता. कदाचित नसता. पोरगा त्या वळणावर हसत होता की हात पसरून उभा होता, हे यापुढे कोणीच तिला सांगू शकणार नव्हते.

म्हणून तिचा राग ओसरला, असे मात्र नाही. तो होता तसाच राहिला. फक्त आता त्याला टेकायला भिंत नव्हती.

तिने झाकण लावले. पीळ देता देता पोराच्या बोटांचे पीळ आपण मोडले, हे तिला जाणवले, आणि तिचे तोंड अगदी कठीण झाले. मग तिने उरलेल्या पाण्याची ती बाटली उस्तादाच्या छातीवर उभी ठेवली, पट्ट्याखाली सरकवून, घरंगळणार नाही अशी. त्याच्या बांधलेल्या हातांपासून ती वीतभर अंतरावर होती. हनुवटीच्या तर अगदी जवळ.

विमाने दूर जात होती. सुटकेचा भोंगा अजून व्हायचा होता. मावशीने बादली सुलटी केली, पदराने तोंडावरची धूळ पुसली आणि ती उठली.

"बाई," तो म्हणाला. मान उचलून तो बाटलीकडे पाहत होता. त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर ती हलत होती आणि आत पाणी डचमळत होते. "उत्तर दिलं ना मी? आता तरी देणार ना पाणी?"

ती पटांगणातून चालत गेली. मागे पाण्याचा तो आवाज येत होता, आणि आवाजाच्या मागोमाग हाक, "बाई! बाई, देणार ना?" तिने तळघराच्या दाराला हात लावला, ते उघडले, आणि ती आत गेली.